वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालय

वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालय हे वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्थेतील विद्यार्थी, अध्यापक, निवासी डॉक्टर, संशोधक आणि संलग्न रुग्णालयातील कर्मचारी यांच्यासाठी चालविले जाणारे विशेष ग्रंथालय आहे. पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ, नियतकालिके, प्रबंध आणि इलेक्ट्रॉनिक माहितीसाधने यांचा संग्रह करणे, तो वाचकास उपलब्ध करून देणे आणि वैद्यकीय प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर शोधण्यास मदत करणे ही त्याची मुख्य कार्ये होत. सर्वसाधारण महाविद्यालयाच्या ग्रंथालयापेक्षा त्याचे वेगळेपण दोन बाबींत आहे. एक, वैद्यकीय ज्ञान झपाट्याने बदलत असल्यामुळे येथे ग्रंथाच्या आवृत्तीला आणि नियतकालिकाच्या ताज्या अंकाला विशेष महत्त्व असते. दोन, येथे शोधलेल्या माहितीचा परिणाम अनेकदा थेट रुग्णाच्या उपचारावर होतो.

महत्त्व

वाङ्मयशोध अपुरा राहिल्यास काय घडू शकते याचे बहुचर्चित उदाहरण २००१ सालचे आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे घेतलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. या रसायनामुळे फुफ्फुसांना इजा होऊ शकते असे सुचविणारे लेख १९५०च्या दशकात प्रसिद्ध झाले होते. परंतु त्या काळी पबमेड या संगणकीय सूचीतील नोंदी १९६६पासून पुढच्याच होत्या. जुने लेख छापील सूचींत आणि बांधीव खंडांत होते. या घटनेनंतर संशोधनापूर्वीच्या वाङ्मयशोधात प्रशिक्षित ग्रंथपालाचा सहभाग असावा, हा विचार बळावला. जुने खंड जपून ठेवण्यामागचे एक कारणही याच घटनेतून स्पष्ट होते.

इतिहास

आधुनिक वैद्यकीय ग्रंथसूचीचा पाया अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरल कार्यालयातील ग्रंथालयात घातला गेला. १८३६ साली सुरू झालेल्या या संग्रहाचा विस्तार जॉन शॉ बिलिंग्स यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही जगभरातील वैद्यकीय लेखांची सूची प्रसिद्ध होऊ लागली. हाच संग्रह पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय म्हणून ओळखला जाऊ लागला. या संस्थेने १९६० साली वैद्यकीय विषयशीर्षकांची नियंत्रित सूची (मेश), १९६४ साली संगणकीय सूचीपद्धती आणि १९७१ साली मेडलाइन ही सेवा सुरू केली. १९९७ साली पबमेडमार्फत हा शोध सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय नवी दिल्ली येथे आहे. ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली पंचसूत्रे वैद्यकीय ग्रंथालयांनाही लागू पडतात. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे सूत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ग्रंथालयात विशेष अर्थपूर्ण ठरते.

महाराष्ट्रातील विकास

महाराष्ट्रातील वैद्यकीय ग्रंथसंग्रहांची वाढ महाविद्यालयांच्या वाढीबरोबर झाली. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. पुण्यातील जुन्या वैद्यकीय शाळेचे रूपांतर १९४६ साली बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. त्यानंतर १९४७ साली नागपूर आणि १९६२ साली मिरज येथे शासकीय महाविद्यालये स्थापन झाली. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्यामुळे नियतकालिकांचे दीर्घकाळाचे बांधीव खंड आढळतात. अलीकडे स्थापन झालेल्या महाविद्यालयांचा भर आरंभापासूनच इलेक्ट्रॉनिक साधनांवर राहिला आहे.

१९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या प्रादेशिक विद्यापीठांशी संलग्न होती. नव्या विद्यापीठामुळे राज्यभरातील आरोग्यविज्ञान महाविद्यालयांसाठी माहितीसाधने सामूहिकरीत्या घेण्याची व्यवस्था शक्य झाली.

कोल्हापूर

कोल्हापुरात सार्वजनिक वाचनाची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर ही संस्था १८५० साली स्थापन झाली. आधुनिक रुग्णालयीन वैद्यकाचे शहरातील प्रमुख केंद्र म्हणजे संस्थानकाळातील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय पदवी मिळविलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांची १८८६ साली याच रुग्णालयातील स्त्री विभागासाठी नेमणूक झाली होती. मात्र तेथे रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

शहरात वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना मात्र बऱ्याच उशिरा झाली. कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले आणि पुढे ते अभिमत विद्यापीठाचा भाग बनले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सीपीआर रुग्णालयाशी संलग्न असे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे शैक्षणिक संकुल शेंडा पार्क परिसरात आहे. राजारामपुरीपासून जवळ असलेल्या विद्यानगर येथील शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची संलग्नता नाशिकच्या विद्यापीठाकडे गेल्यानंतर या परिसरातील वैद्यकीय वाचकांची गरज प्रामुख्याने महाविद्यालयीन ग्रंथालयांवर अवलंबून राहिली.

संग्रह

वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालयाचा संग्रह साधारणपणे पुढील भागांत विभागलेला असतो :

पाठ्यपुस्तके : पदवी अभ्यासक्रमासाठी लागणारी पुस्तके अनेक प्रतींत घेतली जातात. शरीररचनाशास्त्रासाठी बी. डी. चौरसिया, औषधशास्त्रासाठी के. डी. त्रिपाठी, समाजवैद्यकासाठी के. पार्क आणि बालरोगशास्त्रासाठी ओ. पी. घई यांची भारतीय पुस्तके सर्वत्र वापरली जातात. त्यांच्या जोडीला गायटन यांचे शरीरक्रियाशास्त्र, रॉबिन्स यांचे विकृतिशास्त्र, हॅरिसन यांचे अंतर्गत वैद्यक आणि बेली व लव्ह यांचे शस्त्रक्रियाशास्त्र हे आंतरराष्ट्रीय ग्रंथ असतात.

संदर्भग्रंथ : वैद्यकीय शब्दकोश, औषधसंहिता, चित्रसंग्रह आणि बहुखंडी ग्रंथ. हे बहुधा घरी दिले जात नाहीत.

नियतकालिके : ‘द लॅन्सेट’ (१८२३) आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ (१८४०) यांसारखी विदेशी नियतकालिके, तसेच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ (१९१३) यांसारखी भारतीय नियतकालिके. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकवर्गाने १९५५ साली सुरू केलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आज महाजालावर विनामूल्य वाचता येते.

प्रबंध : एम.डी. व एम.एस. अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रबंध. स्थानिक रुग्णांवरील अभ्यास त्यांत असल्यामुळे एखाद्या जिल्ह्यातील आजारांचे स्वरूप समजण्यास ते उपयोगी पडतात. त्यांतील अनेक अभ्यास पुढे लेखरूपाने प्रसिद्ध होत नाहीत. अशा अभ्यासांसाठी ग्रंथालयातील प्रत हाच आधार असतो.

विशेष संग्रह : दुर्मीळ ग्रंथ, संस्थेचे अहवाल, छायाचित्रे व हस्तलिखिते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला होता. तो आज त्या महाविद्यालयाचा वारसा सांभाळणाऱ्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखसंग्रहात जतन केलेला आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे प्रबंध जपल्यामुळे इतिहासाचे साधन कसे टिकते, याचे ते उदाहरण होय.

वर्गीकरण व तालिका

अनेक भारतीय महाविद्यालये ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. त्यात वैद्यकशास्त्र ६१० या क्रमांकाखाली येते. केवळ वैद्यकीय विषयांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची स्वतंत्र पद्धती आहे. तिच्यात ‘क्यूएस’ ते ‘क्यूझेड’ ही चिन्हे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र अशा मूलभूत विषयांसाठी, तर ‘डब्ल्यू’पासून सुरू होणारी चिन्हे रुग्णसेवेशी निगडित विषयांसाठी वापरतात. उदाहरणार्थ, ‘डब्ल्यूजी’ म्हणजे हृदय व रक्ताभिसरण, ‘डब्ल्यूक्यू’ म्हणजे प्रसूतिशास्त्र आणि ‘डब्ल्यूएस’ म्हणजे बालरोगशास्त्र.

पूर्वी कार्डांच्या खणांत ठेवली जाणारी तालिका आता संगणकावर असते. त्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’, इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’ किंवा मुक्तस्रोत ‘कोहा’ या प्रणाली वापरल्या जातात. वाचकास ग्रंथकार, शीर्षक किंवा विषय यांवरून पुस्तक शोधता येते आणि ते घरी गेलेले आहे की फडताळावर आहे हेही समजते.

सेवा

देवघेव : ओळखपत्रावर ठरावीक मुदतीसाठी पुस्तके दिली जातात. मुदत उलटल्यास दंड आकारला जातो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ग्रंथालयाचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

पुस्तक पेढी : वैद्यकीय पुस्तकांच्या किमती मोठ्या असतात. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची पुस्तक पेढी योजना असून तिच्यात दोन विद्यार्थ्यांमागे पाठ्यपुस्तकांचा एक संच दिला जातो. घरात पूर्वी कोणी डॉक्टर नसलेल्या, जुनी पुस्तके वारशाने न मिळालेल्या विद्यार्थ्याला या योजनेचा मोठा आधार असतो.

वाचनकक्ष : परीक्षेच्या काळात वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत खुला ठेवला जातो. स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळे दालन असते. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे आंतरवासीय डॉक्टर त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात.

संदर्भसेवा व वाङ्मयशोध : वाचकाचा प्रश्न समजून घेऊन योग्य लेख शोधून देणे ही वैद्यकीय ग्रंथपालाची सर्वांत कौशल्याची सेवा मानली जाते. तिची पद्धत पुढील विभागात दिली आहे.

लेखप्राप्ती : संग्रहात नसलेला लेख अन्य ग्रंथालयाकडून मागविता येतो. छायाप्रत देताना प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ चा आधार घेतला जातो. या कलमानुसार संशोधनासह खासगी वापरासाठी केलेला उचित वापर प्रताधिकारभंग ठरत नाही.

संशोधनसाहाय्य : संदर्भ कसे द्यावेत, संदर्भव्यवस्थापनाची साधने कशी वापरावीत आणि लेख कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा याविषयी मार्गदर्शन केले जाते. वैद्यकीय लेखनात क्रमांकांनी संदर्भ देणारी व्हँकुव्हर पद्धत रूढ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. हे साम्य तपासून देण्याचे काम अनेक ठिकाणी ग्रंथालयाकडे असते. शुल्क घेऊन तज्ज्ञांच्या परीक्षणाविना लेख छापणाऱ्या फसव्या नियतकालिकांपासून नवोदित संशोधकांना सावध करणे हेही या सेवेत येते.

ग्रंथालय परिचय : क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला. त्यातील आरंभीच्या पायाभूत सत्रात नवीन विद्यार्थ्यांना ग्रंथालयाची ओळख करून देता येते.

वाङ्मयशोधाची पद्धत

रुग्णासंबंधीचा प्रश्न शोधण्याजोगा करण्यासाठी त्याचे चार भाग करतात : रुग्ण किंवा आजार, उपचार, तुलनेचा उपचार आणि अपेक्षित परिणाम. कोकणातील लाल विंचवाचा दंश हे याचे महाराष्ट्रातील उदाहरण आहे. या दंशाने हृदयावर व रक्ताभिसरणावर गंभीर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. ‘लाल विंचवाच्या दंशाची गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णास प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास, केवळ प्राझोसिन देण्यापेक्षा तो लवकर बरा होतो का?’ हा प्रश्न वरील चारही भाग पूर्ण करतो.

दुसरी पायरी योग्य विषयशीर्षक निवडण्याची असते. एकाच आजाराला वेगवेगळे लेखक वेगवेगळी नावे देतात. ‘हार्ट अटॅक’ या बोलीतल्या नावाने शोध घेतला तरी मेश सूची त्याला ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या प्रमाण शीर्षकाशी जोडते आणि त्या विषयावरील लेख एकत्र आणते. त्यानंतर ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’ या तर्कचिन्हांनी शोध रुंद किंवा अरुंद करता येतो.

तिसरी पायरी पुराव्याचे मूल्यमापन करण्याची. एखाद्या रुग्णाच्या वृत्तांतापेक्षा यादृच्छिक नियंत्रित चाचणी आणि अशा अनेक चाचण्यांचा पद्धतशीर आढावा अधिक विश्वसनीय समजला जातो. असे आढावे तयार करणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ साली स्थापन झाली.

वरील प्रश्नाचा शोध घेतल्यास महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मिळते. तिच्यात ७० रुग्णांचे दोन गट केले होते. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्ण तेवढ्या वेळात बरे झाले. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील लेखन १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्येही प्रसिद्ध झाले होते. २०२२ साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. मोठ्या शिक्षणसंस्थेबाहेर, तालुक्याच्या गावी झालेले हे काम आहे. ते जगभरातील ग्रंथालयांत नोंदले गेले आणि सूचीमुळे कोणत्याही देशातील डॉक्टरला सापडू शकते.

इलेक्ट्रॉनिक साधने

इलेक्ट्रॉनिक साधनांचे विनामूल्य आणि सशुल्क असे दोन वर्ग पडतात. पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. मात्र तेथे बहुधा लेखाचा सारांशच मिळतो. पूर्ण लेख विनामूल्य देणारा पबमेड सेंट्रल हा संग्रह २००० साली सुरू झाला. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात वाचता येतात.

सशुल्क नियतकालिकांची वर्गणी एकट्या महाविद्यालयास परवडत नसल्यामुळे संस्थांनी एकत्र येऊन खरेदी करण्याची पद्धत आली. केंद्र शासनाने राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयामार्फत २००८ साली ‘एर्मेड’ ही सामूहिक वर्गणीची योजना सुरू केली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके समाविष्ट आहेत. केंद्र व राज्य शासनाच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था मिळून सुमारे ६,३०० संस्थांसाठी ती आहे. तिचे व्यवस्थापन इन्फ्लिबनेटकडे आहे.

योजनेचा पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरता असल्यामुळे एकाच शहरातील शासकीय आणि खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा वाचनाधिकार वेगवेगळ्या आधारांवर उभा राहतो. खासगी संस्थांना आपली वर्गणी स्वतः किंवा अन्य समूहांमार्फत भरावी लागते.

नियमन

वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता देताना ग्रंथालयाची तपासणी होते. हे काम पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेकडे होते. २५ सप्टेंबर २०२० पासून तिची जागा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने घेतली. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात बैठकव्यवस्था, ग्रंथसंख्या, नियतकालिके, संगणक व इंटरनेटची सोय यांविषयी आयोगाची किमान मानके आहेत. ही मानके संग्रहाचा आकार मोजतात. त्याचा वापर किती होतो याचा अंदाज मात्र देवघेवीच्या नोंदी, वाचनकक्षातील उपस्थिती आणि शोधसेवेकडे आलेल्या प्रश्नांवरूनच येतो.

महाविद्यालयाबाहेरील डॉक्टर

बहुतेक डॉक्टर पदवी घेतल्यानंतर महाविद्यालय सोडतात. त्याबरोबर त्यांचे ग्रंथालयाचे सभासदत्व आणि सशुल्क नियतकालिके वाचण्याचा अधिकारही संपतो. पुढची तीस-चाळीस वर्षे ते रुग्णसेवा करतात आणि या काळात उपचारपद्धती अनेकदा बदलतात. कोल्हापुरात हा प्रश्न राजारामपुरीसारख्या भागात ठळक दिसतो. रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेस वसलेली, क्रमांकांच्या गल्ल्यांनी ओळखली जाणारी ही वसाहत दवाखाने व खासगी रुग्णालये यांचे शहरातील एक केंद्र आहे. तिच्यापासून वैद्यकीय महाविद्यालये काही किलोमीटरांवर आहेत. मात्र महाविद्यालयाच्या परवान्यावर मिळणारी नियतकालिके त्या संस्थेच्या सभासदांनाच उघडता येतात. छापील अंक बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात बसून वाचू देता येत असे. परवान्यावरील इलेक्ट्रॉनिक अंकांबाबत हा निर्णय ग्रंथपालाच्या हाती राहिलेला नाही, कारण कोणास प्रवेश द्यावा हे प्रकाशकाशी झालेला करार ठरवितो.

या अडचणीतून अनेक वाचक प्रताधिकाराची पर्वा न करणाऱ्या संकेतस्थळांकडे वळले. ‘साय-हब’ या अशा संकेतस्थळाविरुद्ध तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. वैध मार्गांत पबमेड सेंट्रल, मुक्तप्रवेश नियतकालिके, जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे, तसेच लेखकाकडेच प्रत मागणे यांचा समावेश होतो. माजी विद्यार्थ्यांना सभासदत्व देणे आणि बाहेरील डॉक्टरांसाठी वाङ्मयशोधाची कार्यशाळा घेणे हे महाविद्यालयीन ग्रंथालयांपुढील पर्याय आहेत.

मर्यादा व आव्हाने

वैद्यकीय शिक्षणाची आणि नियतकालिकांची भाषा जवळजवळ पूर्णपणे इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शब्दकोशाची आणि समजावून सांगणाऱ्या ग्रंथपालाची गरज भासते. रुग्ण व नातेवाइकांना देता येईल असे विश्वासार्ह मराठी साहित्य तुलनेने कमी असल्यामुळे वैद्यकीय ग्रंथालयांत रुग्णशिक्षणाचा विभाग क्वचितच आढळतो.

वर्गणीच्या पद्धतीमुळे दुसरी अडचण निर्माण झाली आहे. छापील अंक वर्गणी थांबल्यानंतरही फडताळावर राहतो. इलेक्ट्रॉनिक अंकांच्या बाबतीत मागील अंक वाचण्याचा हक्क करारात नसेल, तर वर्गणीबरोबर तोही संपुष्टात येतो. त्यामुळे बांधीव खंड काढून टाकण्यापूर्वी ते अन्यत्र कायमस्वरूपी उपलब्ध आहेत का, हे तपासणे आवश्यक ठरते. महाजालावर सर्व काही मिळते या समजुतीमुळे ग्रंथपालांची पदे दुय्यम मानली जाण्याचा धोकाही आहे. प्रत्यक्षात लेखांची संख्या वाढेल तसतशी त्यांतून नेमका आणि विश्वासार्ह लेख निवडण्याच्या कौशल्याची गरजही वाढत जाते.